मुलाला कोणत्या शाळेंत घालावें?

घरांतील मूल तीन वर्षांचें होतें न होतें, तोंच आजच्या शहरी कुटुंबांत एका प्रश्नाची चर्चा सुरू होते : याला कोणत्या शाळेंत घालायचें? आजी म्हणते, "जवळच्या शाळेंत घाला, पोर डोळ्यांसमोर राहील." वडील म्हणतात, "शेजारचा मुलगा जातो ती शाळा चांगलीच असली पाहिजे. नाहीं तर त्यांनीं एवढी फी कशाला भरली असती?" आईला वाटतें कीं, इंग्रजी उत्तम आलें म्हणजे पुढचें सारें सोपें होईल. आणि घरच्या जमाखर्चाची जाण असलेला एखादा काका हळूच विचारतो, "दहा वर्षें ही फी झेपेल ना?" प्रत्येकाच्या म्हणण्यांत थोडें तथ्य असतें. तरीहि बहुतेक घरांतून जो निर्णय होतो, तो या सर्व विचारांची बेरीज करून होत नाहीं. अर्जाची शेवटची तारीख जवळ आली, या घाईनें होतो. ज्या निर्णयाचा परिणाम मुलाच्या दहा वर्षांवर व्हावयाचा, त्याला दिवाळीच्या कापडखरेदीइतकाहि वेळ मिळूं नये, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे.

प्रश्न सामान्यतः असा विचारला जातो : शाळा खासगी बरी कीं सरकारी? परंतु हा प्रश्नच मुळांत थोडा चुकीच्या रीतीनें मांडलेला आहे. मूल "खासगी" नांवाच्या वस्तूंत शिकत नाहीं, आणि "सरकारी" नांवाच्या वस्तूंतहि शिकत नाहीं. तें शिकतें एका विशिष्ट वर्गांत, एका विशिष्ट शिक्षकापाशीं, विशिष्ट सोबत्यांच्या संगतींत. म्हणून शाळेच्या दारावरील पाटीवर कोणाचें नांव आहे हें पाहण्यापूर्वीं दाराच्या आंत काय चाललें आहे हें पाहिलें पाहिजे. पाटी वाचणें सोपें असतें; आंत डोकावणें जरा कष्टाचें असतें. चूक होते ती हे कष्ट टाळल्यामुळें.

प्रथम शब्दांचा घोळ दूर केला पाहिजे. महाराष्ट्रांतील शाळांचे स्थूलमानानें तीन वर्ग पडतात. पहिल्या वर्गांत सरकार, महानगरपालिका, नगरपालिका व जिल्हा परिषद यांनीं स्वतः चालविलेल्या शाळा येतात. दुसऱ्यांत खासगी संस्थांच्या अनुदानित शाळा येतात. या शाळांचा कारभार संस्थेकडे असतो, पण शिक्षकांचे पगार सरकारी अनुदानांतून होतात. तिसऱ्या वर्गांत विनाअनुदानित शाळा येतात. त्यांचा सर्व खर्च पालकांच्या फीमधून भागतो. या तिसऱ्या प्रकारच्या नव्या शाळांकरितां राज्यानें २०१२ सालीं स्वयंअर्थसहाय्यित शाळांचा स्वतंत्र कायदाहि केला. पालक जेव्हां "खासगी शाळा" असें म्हणतात, तेव्हां त्यांच्या मनांत बहुधा हा तिसरा वर्ग असतो. आणि मधला वर्ग, ज्यानें महाराष्ट्राच्या चार पिढ्या घडविल्या, तो हिशेबांतच धरला जात नाहीं.

या मधल्या वर्गाचा इतिहास मोठा बोधप्रद आहे. १८५४ सालच्या वुडच्या खलित्यानें खासगी शाळांना सरकारी अनुदान देण्याचें तत्त्व मान्य केलें. त्याचा लाभ घेऊन, तर कधीं सरकारी मदतीवांचूनहि, या प्रांतांत लोकांनीं शाळा काढल्या. पुण्यांत १८८० सालीं विष्णुशास्त्री चिपळूणकर व बाळ गंगाधर टिळक यांनीं न्यू इंग्लिश स्कूल काढलें. पुढें आगरकर त्यांना येऊन मिळाले, आणि १८८४ सालीं डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली. १९१९ सालीं कर्मवीर भाऊराव पाटील यांनीं रयत शिक्षण संस्थेचा पाया घातला. या सर्व संस्था खासगीच होत्या. परंतु त्या काळीं "खासगी" या शब्दाचा अर्थ नफा असा नव्हता, तर लोकांनीं लोकांसाठीं स्वीकारलेलें काम असा होता.

दुसऱ्या बाजूस सार्वजनिक शाळेचीहि परंपरा तितकीच थोर आहे. सर्वांस शिक्षण मिळावें ही मागणी महात्मा फुले यांनीं १८८२ सालीं हंटर आयोगापुढें मांडली. नामदार गोखले यांनीं १९११ सालीं सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचें विधेयक कायदेमंडळांत आणलें, पण तें नामंजूर झालें. शाहू छत्रपतींनीं मात्र १९१७ सालीं आपल्या कोल्हापूर संस्थानांत सक्तीचें व मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केलें. १९०० सालीं साताऱ्याच्या सरकारी शाळेंत ज्या एका मुलाचें नांव दाखल झालें, तो पुढें डॉ. बाबासाहेब आंबेडकर म्हणून जगास माहीत झाला. एका थोर पुरुषाच्या उदाहरणावरून सर्व शाळा चांगल्या ठरत नाहींत, हें खरें. पण सरकारी शाळेच्या दारांतून गेलेलें मूल मागेंच राहतें ही समजूत किती पोकळ आहे, हें दाखविण्यास एवढें उदाहरण पुरेसें आहे.

इतिहास बाजूस ठेवून आजची स्थिति पाहिली, तर सुशिक्षित कुटुंबें महानगरपालिकेच्या शाळेकडे पाठ कां फिरवितात? याचीं कारणें उघड आहेत, आणि तीं सर्वच निराधार नाहींत. कांहीं शाळांतून शिक्षकांना शिकविण्याखेरीज इतर सरकारी कामें फार पडतात. कांहीं ठिकाणीं पटसंख्या इतकी रोडावली आहे कीं, वर्गांत जीव राहिलेला नाहीं. इमारतीची डागडुजी एका खात्याकडे आणि शिक्षण दुसऱ्या खात्याकडे, यामुळें गळकें छप्पर गळतच राहतें. तक्रार कोणाकडे करावी हें पालकास कळत नाहीं. खासगी शाळेंत निदान एक खिडकी असते, आणि तिच्यामागें बसलेला मनुष्य फी घेणारा असल्यामुळें त्याला उत्तर द्यावें लागतें. हें आकर्षण खोटें म्हणतां येणार नाहीं.

पण याहून मोठें कारण म्हणजे इंग्रजी. याची कसोटी पाहावयाची असल्यास मुंबईकडेच पाहावें. मुंबई महानगरपालिका मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती, इंग्रजी, तमिळ, तेलुगू व कन्नड अशा आठ भाषांतून शाळा चालविते. ज्या पालिकेच्या शाळांतील मुलें कमी होत असल्याची चिंता वर्षानुवर्षें व्यक्त होत होती, त्याच पालिकेनें २०२० सालीं जोगेश्वरी येथें सी. बी. एस. ई. मंडळाची व माटुंग्यास आय. सी. एस. ई. मंडळाची शाळा काढली. आणि जागांहून अर्ज अधिक आल्यामुळें प्रवेशासाठीं सोडत काढावी लागली. दिल्ली सरकारपासून गल्लीपर्यंत सर्वत्र बदल्या होणाऱ्या नोकरदारांच्या मुलांसाठीं १९६३ पासून चालत आलेलीं केंद्रीय विद्यालयें हींहि सरकारीच. आणि तेथें प्रवेश मिळावा म्हणून लोक धडपडतात. यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. पालकांना "सरकारी" या शब्दाचें वावडें नाहीं. त्यांना हवी असते विशिष्ट भाषा, विशिष्ट मंडळ आणि शाळा नीट चालेल असा भरंवसा. हीं तीन जेथें दिसतात तेथें मालक कोण, हें ते विचारीत नाहींत.

मग खरा प्रश्न असा उरतो कीं, या तीन गोष्टींना किती महत्त्व द्यावें? भाषेचा विचार आधीं करावा. इंग्रजी आलें पाहिजे, याविषयीं दुमत नाहीं. परंतु इंग्रजी येणें आणि इंग्रजीतून सर्व विषय शिकणें या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. महाराष्ट्रांत २००० सालापासून पहिल्या इयत्तेपासूनच इंग्रजी हा विषय सर्व शाळांतून शिकविला जातो. अनेक मराठी शाळांतून गणित व विज्ञान इंग्रजींत आणि बाकीचे विषय मराठींत, अशी सेमी-इंग्रजी पद्धतीची सोय आहे. २०२० सालच्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानें निदान पांचवीपर्यंत, आणि शक्य तेथें आठवीपर्यंत, शिक्षणाचें माध्यम मुलाची घरची भाषा असावी, अशी शिफारस केली आहे. उलट बाजूनें, २०२० सालींच राज्यानें कायदा करून सर्व माध्यमांच्या शाळांत मराठी हा विषय सक्तीचा केला. म्हणजे मराठी शाळेंत इंग्रजी आहे आणि इंग्रजी शाळेंत मराठी आहे. निवड करावयाची ती विचार करण्याच्या भाषेची.

येथें पालकांनीं स्वतःच्या घराकडे पाहावें. ज्या घरांत आईबाप सहज इंग्रजी वाचतात व बोलतात, त्या घरांतील मुलाला इंग्रजी शाळा परकी वाटत नाहीं. पण ज्या घरांत इंग्रजी फक्त अर्जांपुरतें असतें, तेथें पहिलींतील मूल बेरीज शिकण्याऐवजीं बेरजेचें वाक्य पाठ करूं लागतें. असें मूल वर्गांत गप्प बसतें, घरीं येऊन शिकवणीला जातें, आणि आईबापांना वाटतें कीं, तें शांत स्वभावाचें आहे. पुष्कळदां तें शांत नसतें. त्याला समजलेलें नसतें, एवढेंच. ज्याला प्रश्न विचारतां येत नाहीं त्याला उत्तरहि मिळत नाहीं, हा शाळेचा जुना नियम आहे.

शाळा नीट चालेल हा भरंवसा खासगी शाळेंत खरोखरच अधिक असतो काय? याची एक शास्त्रशुद्ध परीक्षा आंध्र प्रदेशांत झाली. २००८ सालीं सुरू झालेल्या या प्रयोगांत १८० खेड्यांतील सरकारी शाळांच्या कांहीं मुलांना चिठ्ठ्या टाकून निवडण्यांत आलें व खासगी शाळेंत जाण्यासाठीं शिष्यवृत्ति देण्यांत आली. चिठ्ठी कोणाची निघेल हें दैवाधीन असल्यामुळें हुशार मुलेंच खासगी शाळेंत गेलीं, असा आक्षेप येथें घेतां येत नव्हता. कार्तिक मुरलीधरन व व्यंकटेश सुंदरारामन या अर्थशास्त्रज्ञांनीं २०१५ सालीं त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. चार वर्षांनंतर तेलुगू व गणित या विषयांत दोन्हीं गटांच्या मुलांत फरक आढळला नाहीं; हिंदींत मात्र खासगी शाळेंत गेलेलीं मुलें पुढें होतीं, कारण हिंदी तेथें शिकविली जात होती. खासगी शाळांच्या बाजूनें हेंहि सांगितलें पाहिजे कीं, त्यांनीं तेलुगू व गणित यांना कमी वेळ देऊन तितकेंच फळ मिळविलें, आणि दर मुलामागें त्यांचा खर्च सरकारी शाळेच्या एक तृतीयांशाहूनहि कमी होता.

हा प्रयोग खेड्यांतील आहे. मुंबई-पुण्याच्या शाळांना तो जसाच्या तसा लावूं नये. पण त्यांतील एक धडा सर्वत्र लागू पडतो. खासगी शाळेंतील मुलांचे निकाल चांगले दिसतात, त्यांतील बराचसा भाग शाळेचा नसून घरचा असतो. ज्या घरीं पुस्तकें आहेत, वेळेवर जेवण आहे आणि "आज काय शिकलास?" असें विचारणारें माणूस आहे, त्या घरचें मूल बहुधा कोणत्याहि शाळेंत वर येतें. शाळा आपल्या जाहिरातींत जे गुण मिरविते, त्यांत आईबापांनीं भरलेली ही मूक वर्गणी मिसळलेली असते. म्हणून निकालाच्या फलकावर विसंबून शाळा निवडणें म्हणजे पीक पाहून शेतकऱ्याची पारख करणें आणि जमीन विसरणें होय.

आतां पैशाचा हिशेब. पालक पहिल्या वर्षाची फी पाहतात. पाहावयाची असते ती दहा वर्षांची. राज्याच्या २०११ सालच्या शुल्क विनियमन कायद्याप्रमाणें शाळेनें फीचा प्रस्ताव पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीपुढें ठेवावा लागतो, आणि एकदां ठरलेली फी दोन शैक्षणिक वर्षें बदलतां येत नाहीं. समजा, पहिलीची वार्षिक फी ६०,००० रुपये आहे आणि ती दर दोन वर्षांनीं शेंकडा १५ प्रमाणें वाढते. तर दहावीच्या वर्षीं ती १,०५,००० रुपयांच्या घरांत जाते, आणि दहा वर्षांची बेरीज सुमारें ८,०९,००० रुपये होते. यांत बस, गणवेष, सहली, स्नेहसंमेलनाचे पोषाख आणि शाळेनंतरची शिकवणी धरलेली नाहीं. दोन मुलें असल्यास रक्कम दुप्पट. हा पैसा वाया गेला असें कोणी म्हणणार नाहीं. पण याच पैशांत घरीं पुस्तकें येऊं शकतात, मूल एखादी कला शिकूं शकतें आणि पुढील उच्च शिक्षणाची तरतूद होऊं शकते, हें विसरून चालणार नाहीं. फी भरण्यासाठीं आईबापांना रात्रीपर्यंत जादा काम करावें लागलें आणि मुलाजवळ बसण्यास कोणी उरलें नाहीं, तर व्यवहार आंतबट्ट्याचा झाला असेंच म्हटलें पाहिजे.

येथेंच एका कटु गोष्टीचा उल्लेख अवश्य आहे. पैसा दोघांना पुरत नसला, म्हणजे कांहीं घरांतून मुलगा फीच्या शाळेंत आणि मुलगी बिनफीच्या शाळेंत जाते. कोणी तसें ठरवून बोलत नाहीं. "तिला ही शाळा जवळ पडते" असें म्हटलें जातें. ज्या घराला बिनफीची शाळा मुलीसाठीं पुरेशी चांगली वाटते, त्यानें ती मुलासाठीं पुरेशी कां नाहीं, याचें उत्तर स्वतःला द्यावें. आणि ती मुलासाठीं पुरेशी नसेल, तर मुलीसाठींहि नाहीं.

पैशाप्रमाणेंच वेळेचाहि हिशेब असतो, आणि तो फारच थोडे लोक मांडतात. २००९ सालच्या शिक्षणहक्क कायद्याप्रमाणें पहिली ते पांचवीच्या वर्गांना वर्षांत निदान २०० दिवस व ८०० तास अध्यापन झालें पाहिजे. आतां एखाद्या नामांकित शाळेसाठीं मूल सकाळीं एक तास व परत येतांना एक तास बसमध्यें बसलें, तर त्याचे वर्षाचे ४०० तास रस्त्यावर गेले. म्हणजे वर्गांतील वेळेच्या निम्मा वेळ! त्या वेळांत मूल खेळलें असतें, झोपलें असतें, आजीच्या गोष्टी ऐकत बसलें असतें. शिवाय दूरच्या शाळेंतील मित्र दूरच राहतात. संध्याकाळीं अंगणांत खेळावयास कोणी नसतें. पहिलीपासून पांचवीपर्यंतची शाळा घरापासून एक किलोमीटरच्या आंत असावी, असें कायद्याच्या नियमांनीं धरलें आहे. आजीचा सल्ला आणि कायद्याचा नियम येथें एक झाले आहेत.

एवढा विचार झाल्यावर खरें काम उरतें, तें प्रत्यक्ष शाळा पाहण्याचें. त्यासाठीं प्रवेशाचा दिवस किंवा स्नेहसंमेलन उपयोगी नाहीं. त्या दिवशीं प्रत्येक शाळा चांगलीच दिसते. एखाद्या साध्या मंगळवारीं, शाळा भरलेली असतांना जावें. मुख्याध्यापिकेस नम्रपणें विचारावें, "बाई, दुसरीच्या वर्गांत थोडा वेळ मागें बसलें तर चालेल का?" या प्रश्नास मिळणाऱ्या उत्तरावरूनच पुष्कळ कळून येतें. वर्गांत बसावयास मिळाल्यास शिक्षिकेकडे न पाहतां शेवटच्या बाकाकडे पाहावें. पुढच्या बाकावरील मुलें सर्वत्र हात वर करतात; शेवटच्या बाकावरील मुलाशीं शिक्षिका बोलते काय, यांत शाळेची परीक्षा असते.

मग एखादी वही मागून पाहावी. तींत सर्व मुलांचीं उत्तरें अक्षरशः सारखीं असतील, तर तीं फळ्यावरून उतरलेलीं आहेत असें समजावें. उत्तरें निरनिराळीं, थोडीं चुकलेलीं, आणि चूक कोठें झाली तें शिक्षकानें लिहून दाखविलेलीं असतील, तर त्या वर्गांत शिक्षण चाललें आहे. तिसरीच्या मुलाला दुसरीच्या पुस्तकांतील अनोळखी परिच्छेद वाचतां येतो काय, हें सहज पाहतां येतें. पिण्याचें पाणी व मुलींचें स्वच्छतागृह पाहावें. शिक्षक किती वर्षें टिकतात हें विचारावें. ज्या शाळेंतून दर वर्षीं निम्मे शिक्षक निघून जातात, तिची इमारत कितीहि देखणी असली तरी तिचा पाया हलका आहे. वर्गांत मुलें किती, हें स्वतः मोजावें. कायद्यानें प्राथमिक वर्गांसाठीं साधारणतः ३० मुलांमागें एक शिक्षक आणि सहावी ते आठवीसाठीं ३५ मुलांमागें एक, असें प्रमाण धरलें आहे. खासगी शाळेंत वातानुकूलित वर्गांत ५० मुलें बसलेलीं असतात, आणि शेजारच्या पालिकेच्या शाळेंत २५. अशा वेळीं कोणत्या मुलाला शिक्षकाचा अधिक वाटा मिळतो, हें सांगावयास नको.

कागदपत्रांविषयीं संकोच बाळगूं नये. मान्यतेच्या प्रमाणपत्रावांचून शाळा चालविणें हा कायद्यानें गुन्हा आहे. त्याला एक लक्ष रुपयांपर्यंत दंड आहे, आणि शाळा तशीच चालू ठेवल्यास दर दिवशीं दहा हजारांपर्यंत आणखी. तरीहि मुंबई महानगरपालिकेला अनधिकृत शाळांच्या याद्या प्रसिद्ध कराव्या लागतात, यावरून पालकांनीं सावध व्हावें. शाळेचा अकरा आंकडी यू-डायस क्रमांक व मंडळाच्या संलग्नतेचा क्रमांक मागावा. प्रवेशाच्या वेळीं मुलाची किंवा आईबापांची मुलाखत घेऊन निवड करणें, त्याचप्रमाणें फीखेरीज देणगी मागणें, या दोन्ही गोष्टींना २००९ च्या कायद्यानें मनाई आहे. जी शाळा पहिल्याच भेटींत कायदा मोडते, ती पुढें मुलाला नियमपालन कसें शिकविणार?

याच कायद्यांत आणखी एक कलम आहे, आणि तें सुशिक्षित घरांनीं स्वतःसाठीं नव्हे तर दुसऱ्यांसाठीं जाणून घ्यावें. विनाअनुदानित खासगी शाळांनीं प्रवेशाच्या वर्गांतील शेंकडा २५ जागा वंचित व दुर्बल घटकांच्या मुलांना द्याव्या, आणि आठवीपर्यंत त्यांना मोफत शिकवावें, असा हा नियम आहे. अल्पसंख्याकांच्या शाळा न्यायालयाच्या निर्णयानें त्यांतून वगळल्या आहेत. २०२४ सालीं महाराष्ट्र सरकारनें या नियमास मुरड घालून, ज्यांच्या एक किलोमीटरच्या आंत सरकारी किंवा अनुदानित शाळा आहे अशा खासगी शाळांना सूट देऊं केली होती. पण त्याच वर्षीं मुंबई उच्च न्यायालयानें ती सूट रद्द केली आणि सर्वोच्च न्यायालयानें तो निर्णय कायम ठेवला. घरीं धुण्याभांड्यांस येणाऱ्या बाईला हा नियम बहुधा कोणी सांगितलेला नसतो. अर्ज भरावयाचा असतो संगणकावर, आणि मुदत असते थोड्या दिवसांची. ज्या घरांत स्वतःच्या मुलाच्या प्रवेशासाठीं दहा अर्ज भरले जातात, त्या घरानें अकरावा अर्ज तिच्या मुलासाठीं भरून दिला, तर त्यांत फारसें कांहीं खर्च होत नाहीं.

शेवटीं एका व्यापक गोष्टीकडे वळणें प्राप्त आहे. कोठारी आयोगानें १९६६ सालच्या आपल्या अहवालांत शेजारशाळेची कल्पना मांडली होती : एका वस्तींतील सर्व मुलांनीं, श्रीमंत असोत वा गरीब, एकाच शाळेंत जावें. ती कल्पना प्रत्यक्षांत आली नाहीं. सुशिक्षित घरें एकेक करून सार्वजनिक शाळेंतून निघून गेलीं, आणि प्रत्येक घरानें आपल्या मुलाच्या हिताचाच विचार केला. त्यांत कोणाचाहि दोष काढतां येणार नाहीं. पण त्या घरांबरोबर शाळेंतून अर्ज लिहिणारे, सभेंत प्रश्न विचारणारे आणि नळ तीन दिवस बंद असल्याबद्दल पालिकेच्या कचेरींत जाऊन बसणारे लोकहि निघून गेले. मागें राहिले ते ज्यांची रोजी बुडते म्हणून सभेस येऊं न शकणारे. शाळा खालावली म्हणून लोक गेले, कीं लोक गेले म्हणून शाळा खालावली? दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि एक दुसरीला वाढवीत आली आहे.

आईबापांनीं समाजसेवा म्हणून आपलें मूल वाईट शाळेंत घालावें, असें कोणी सांगूं नये. मूल हें प्रयोगाचें साधन नव्हे. परंतु घराजवळची पालिकेची किंवा अनुदानित शाळा न पाहतांच ती वाईट आहे असें ठरविणें, हाहि मुलावर अन्यायच आहे. कारण कदाचित् तेथेंच तो शिक्षक असेल, जो त्या मुलाला गणिताची गोडी लावणार होता. पाहिल्यावर ती शाळा खरोखरच अपुरी वाटली, तर निःसंकोचपणें दुसरी निवडावी. चांगली वाटली, तर शेजारी काय म्हणतील याची पर्वा न करतां तींत मूल घालावें, आणि शाळा व्यवस्थापन समितींत स्वतः बसावें. या समितीच्या सदस्यांत तीन चतुर्थांश पालक असावेत आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात, असें कायदाच सांगतो. त्या जागा बहुधा रिकाम्या मनानें भरल्या जातात. तेथें एक जागरूक आई येऊन बसली, तर तिच्या एका मुलाबरोबर त्या वर्गांतील सर्व मुलांचें भलें होतें.

निवड झाली म्हणजे काम संपलें, असेंहि मानूं नये. एक वर्षानें पुन्हां पाहावें. मूल सकाळीं शाळेंत जावयास कुरकुरतें काय? घरीं येऊन सांगण्यासारखें त्याच्यापाशीं कांहीं असतें काय? वर्गांतल्या कोणाचें नांव तें प्रेमानें घेतें काय? या तीन प्रश्नांचीं उत्तरें माहितीपत्रकांत छापलेलीं नसतात. तीं रात्रीच्या जेवणाच्या वेळीं, ताटावर बसलेल्या मुलाच्या तोंडून मिळतात. शाळा बदलणें ही नामुष्की नव्हे. मात्र बदलण्यापूर्वीं दोष शाळेचा आहे, कीं मुलाशीं बोलण्यास घरांत कोणालाच वेळ नाहीं हा आहे, एवढें एकदां तपासून पाहावें. ऐकावें जनाचें आणि करावें मनाचें, असें म्हणतात. शाळेच्या बाबतींत जनाचें ऐकावें, मनानें तोलावें, आणि अखेरीस मुलाचेंहि ऐकावें.